बटाट्याच्या रानातली कोरी ओळ

मृग नक्षत्र तोंडावर आले, की मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेल्या बटाटा बेण्याच्या गोण्या उतरू लागतात. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचे शेतकरी तिथून बेणे नेतात, घरच्या ओसरीवर किंवा शेडमध्ये बसून त्याच्या फोडी करतात आणि लागवडीपूर्वी त्या फोडींना औषध लावतात. कोणते औषध, असे विचारले तर उत्तर बहुधा दुकानदाराच्या हवाल्याने मिळते. किती लावायचे, ते पुडीवर छापलेले असते. आणि कशासाठी, याला एकच ठरलेले उत्तर असते : ‘कूज लागू नये म्हणून.’ बेणेप्रक्रिया ही गोष्ट आता इतकी गृहीत धरली गेली आहे, की तिचा उपयोग होतो का, असे विचारणाराच अडाणी ठरावा. वास्तविक तो अडाण्याचा प्रश्न नाही, शास्त्राचा पहिला प्रश्न आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणता रोग, कोणते बेणे आणि कोणती जमीन, हे कळल्याशिवाय ते देताच येत नाही.

गहू-ज्वारीचे बी फुलातून तयार होते. आईच्या अंगावरचे बरेचसे रोग त्या वाटेवर मागे राहतात. बटाट्याचे तसे नाही. बटाट्याचे बेणे म्हणजे मागच्या पिकातल्या झाडाचाच एक तुकडा, जमिनीखाली फुगलेले खोड. मागच्या रानातले विषाणू, जिवाणू, बुरशी असे सगळे वऱ्हाड त्या तुकड्यासोबत नव्या रानात येते. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९५९ मध्ये ‘सीड प्लॉट’ तंत्र पुढे आणले, ते यातल्या विषाणूंना अडवण्यासाठी. उत्तरेच्या मैदानात थंडीच्या ज्या आठवड्यांत मावा नसतो किंवा अगदी कमी असतो, त्याच काळात बेण्याचे पीक वाढवायचे आणि मावा वाढण्याआधी पाला कापून टाकायचा, अशी ती साधी युक्ती. पंजाबच्या बेण्याचे नाव झाले ते याच बळावर. पण बुरशी काही माव्यावर बसून येत नाही. ती मातीतून येते, बेण्याच्या सालीला चिकटते आणि गोणीतून दोन हजार किलोमीटरचा प्रवास बिनबोभाट करते.

हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बेणे लागते आणि पिकाच्या एकूण खर्चात बेण्याचाच वाटा साधारण ४० ते ५० टक्के असतो. एवढी रक्कम मातीत घालताना वर थोडे औषध लावले तर बिघडले कुठे, असा हिशेब शेतकरी करतो. तो चुकीचा नाही. मात्र विमा घेताना तो कशाचा आहे, हे जसे पाहायला हवे, तसे हे औषध कोणत्या रोगावर आहे, तेही पाहायला हवे. तिथेच घोटाळा होतो.

बेण्यावर बारकाईने नजर टाकली तर पुष्कळदा सालीवर काळे, खरबरीत ठिपके दिसतात. माती लागली असेल म्हणून धुवायला जावे तर ते निघत नाहीत, नखाने खरवडावे लागतात. ही रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीची झोपलेली वसाहत. या रोगाला ‘ब्लॅक स्कर्फ’ म्हणतात. मराठीत काळी खपली म्हणता येईल. बेणे मातीत गेले आणि ओल मिळाली की ही बुरशी जागी होते आणि वर येऊ पाहणाऱ्या कोंबांची टोके जमिनीखालीच जाळते. उगवण उशिरा आणि मागेपुढे होते. जी झाडे वर येतात त्यांच्या बुंध्यावर तपकिरी चट्टे पडतात आणि खाली एका झाडाला दोन बेढब मोठे आणि दहा गोटीएवढे बटाटे लागतात. बेणेप्रक्रिया खऱ्या अर्थाने कामाला येते ती या रोगात. पेनसायक्युरॉन, पेनफ्लुफेन यांसारखी औषधे याच बुरशीवर नेमकी चालतात. शीतगृहात ठेवण्यापूर्वी बेण्याला तीन टक्के बोरिक ॲसिडची प्रक्रिया करावी, ही केंद्रीय संस्थेची जुनी शिफारसही मुख्यतः याच खपलीसाठी आणि खवड्या रोगासाठी आहे.

आता दुसरा रोग घ्या. बटाटा आडवा कापला की आत बांगडीसारखे तपकिरी वर्तुळ दिसते आणि दाबल्यावर त्यातून चिकट द्रव येतो, तो बांगडी रोग. रानात उभे झाड हिरवेच्या हिरवे कोमेजते. हा रोग बुरशीचा नाही, राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूचा आहे. त्यावर जगातले कोणतेही बुरशीनाशक लावले तरी परिणाम शून्य. उलट नुकसानच व्हायची शक्यता अधिक. कारण एका पिंपात औषध कालवून त्यात पाठोपाठ दहा गोण्यांच्या फोडी बुचकळल्या, तर एका रोगट फोडीतले जिवाणू त्या पाण्यातून उरलेल्या साऱ्या फोडींना लागतात. कापणाऱ्या विळ्याचेही तेच. म्हणजे ज्या पिंपाला शेतकरी दवाखाना समजतो, तेच रोगाची साथ पसरवते. या रोगासाठी बटाटा न कापता अख्खा लावणे, विळा वरचेवर निर्जंतुक करणे, पीक फेरपालट आणि लागवडीच्या वेळी सरीत हेक्टरी १२ किलो ब्लीचिंग पावडर, असे उपाय सांगितले जातात. त्यात बुरशीनाशकाला जागाच नाही. ‘कूज लागू नये म्हणून’ या उत्तरातली अडचण ही आहे. कूज हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. ताप आला म्हणून मिळेल ती गोळी घेण्यासारखेच हे. या सवयीने माणसांच्या औषधांचे काय झाले, ते वेगळे सांगायला नको.

उशिरा येणाऱ्या करप्याची गोष्ट आणखी निराळी. १८४५ पासून पुढची काही वर्षे आयर्लंडमध्ये ज्याने हाहाकार उडवला, दहा लाखांच्या आसपास माणसे ज्या दुष्काळात दगावली आणि साधारण तेवढीच देशोधडीला लागली, तो हाच रोग. फायटॉप्थोरा हा त्याचा कारक बुरशीसारखा दिसतो, पण शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत मोजत नाहीत. तो रोगट बेण्यातून येऊ शकतो आणि वाऱ्यासोबत शेजारच्या रानातूनही येऊ शकतो. फोडी करताना एका रोगट फोडीवरचे बीजाणू निरोगी फोडींवर जातात. तो प्रसार मॅन्कोझेबसारख्या औषधाच्या लेपाने बराचसा अडवता येतो. पण बटाट्याच्या आत आधीच शिरलेला करपा वरून लावलेल्या भुकटीने बरा होत नाही. आणि बेणे कितीही जपले तरी आषाढातल्या धुक्यात वाऱ्यावर येणाऱ्या करप्याला बेण्यावरचे औषध काय करणार?

म्हणजे औषध चांगले आहे की वाईट, एवढेच पाहून भागत नाही. रोग बेण्यातून येतो आहे की जमिनीतून, हेही पाहावे लागते. ज्या रानात वर्षानुवर्षे बटाट्यावर बटाटा घेतला आहे, तिथे रायझोक्टोनिया मातीतच मुरलेली असते. तिथे बेण्याच्या सालीवरचा पातळ लेप थोडा काळ पुरतो. पुढे मातीतली बुरशी नव्या मुळांवर आणि खोडावर आपले काम करतेच. आणि ज्या बेण्यावर खपली नाही आणि ज्या मातीत बुरशी नाही, तिथे औषध लावले काय आणि न लावले काय, पीक सारखेच येते. गंमत अशी, की शेतकऱ्याला औषध ‘लागू पडल्याचा’ सर्वात पक्का अनुभव याच तिसऱ्या रानात येतो. औषध लावले, पीक उत्तम आले. मग औषधानेच आले.

नुसत्या डोळ्यांनी ही फसगत उघडकीस येत नाही, म्हणूनच शेतातील चाचण्यांचे शास्त्र उभे राहिले आणि त्याच्या मुळाशी बटाटाच आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात दाखल झाले. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. बटाट्याच्या १२ वाणांना वेगवेगळी खते दिल्यावर उत्पन्नात पडलेला फरक खताचा किती, वाणाचा किती आणि निव्वळ जमिनीच्या कमीअधिक कसाचा किती, याची फोड त्यात केली होती. आज नव्या औषधाची चाचणी असो की लशीची, ज्या ‘प्रसरण विश्लेषणा’चा आधार घेतला जातो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या छापील वापरांपैकी एक या बटाट्याच्या आकड्यांवर झाला. पुढे फिशर यांनी आग्रह धरला, की कोणत्या वाफ्याला काय द्यायचे हे शास्त्रज्ञाने आपल्या मनाने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कारण मनाने ठरवले की चांगले औषध नकळत चांगल्या वाफ्यात जाते.

हे शास्त्र भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत एक नाव सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांनी लिहिलेले कृषी संख्याशास्त्राचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. देशातल्या कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्या ‘पानसे-सुखात्मे’ वाचूनच वाफे आखायला शिकल्या. तेव्हा कोरा वाफा म्हणजे काय, हे मराठी मुलखाला परदेशातून शिकून घ्यायची गरज नाही.

बेणेप्रक्रियेची नीट चाचणी कशी दिसते? एकाच रानाचे सारखे पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक औषधाचा एक वाफा आणि काहीच न लावलेला एक वाफा असतो. त्यांचा क्रम चिठ्ठीने ठरतो. असे निदान तीन-चार पट्टे, म्हणजे प्रत्येक उपचार तीन-चार वेळा. बेणे एकाच गोणीतले आणि लावण्याआधी त्यावर खपली किती आहे, हे शंभरेक बटाटे धुऊन मोजलेले. मग लागवडीनंतर महिनाभराने उगवण मोजायची, काही झाडे उपटून बुंध्यावरचे चट्टे पाहायचे आणि काढणीला नुसते वजन न करता आकारानुसार प्रतवारी करून वजन करायचे. शेवटी नव्या बटाट्यांच्या सालीवर पुन्हा खपली मोजायची. काढणीची तारीखही सगळ्या वाफ्यांना एकच हवी. पाला वाळल्यावर बटाटा जमिनीत जितका जास्त काळ पडून राहतो तितकी खपली वाढते, त्यामुळे एक वाफा दहा दिवस उशिरा काढला तरी औषधाला फुकटचा दोष लागतो. साल पक्की व्हायला दोनेक आठवडे थांबावेच लागते, हा त्यातला पेच आहेच.

या सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यांना नकोसा असतो तो काहीच न लावलेला वाफा. कंपनीला तो नको असतो, कारण तो कधीकधी औषध लावलेल्या वाफ्याइतकाच चांगला येतो. शेतकऱ्याला तो नको असतो, कारण ते त्याचे नुकसान वाटते. प्रात्यक्षिक घेणाऱ्या खात्यालाही नको असतो, कारण शिवारफेरीला आलेल्या पाहुण्यांना रोगट वाफा दाखवणे बरे दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘प्रात्यक्षिके’ भरपूर होतात आणि चाचण्या थोड्या. प्रात्यक्षिकात सगळे रान औषध लावलेलेच असते. तिथे पाहुणे पिकाकडे पाहून माना डोलावतात, पण त्या रानातून औषधाबद्दल तसूभरही माहिती मिळत नाही.

जगभर झालेल्या नीट चाचण्यांमधून एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. खपली असलेल्या बेण्यावर योग्य औषध लावले की उगवण एकसारखी होते, बुंध्यावरचे चट्टे कमी होतात, नव्या बटाट्याची साल स्वच्छ राहते. एकूण वजन मात्र दर वेळी वाढतेच असे नाही. पुष्कळदा ते जवळपास तेवढेच राहते आणि आकारांची वाटणी बदलते. हा तपशील क्षुल्लक नाही. ज्याला पुढे बेणे विकायचे आहे त्याच्यासाठी स्वच्छ साल म्हणजे पैसा. वेफर कंपनीशी करार केलेल्याला ठरावीक आकार लागतो, त्याच्यासाठीही फायदा आहे. पण जो गोण्या भरून बाजारात घाऊक भावाने माल घालणार, ज्याचा आडतदार खपलीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याच्या पदरात औषधाचा खर्च वसूल होण्याइतके काही पडेलच, याची खात्री नाही. ‘उत्पन्नात भरघोस वाढ’ असे सरसकट छापणाऱ्या जाहिरातीला हा फरक सोयीचा नसतो. सल्ला देणाऱ्या सरकारी पत्रकाने तरी तो सांगायला हवा.

दुसरी अडचण महाराष्ट्राची खास आहे. बटाट्यावरचे बरेचसे संशोधन उत्तर भारतातील हिवाळी पिकावर झाले आहे. तिथे ऑक्टोबरात, उतरत्या तापमानात लागवड होते. पठारावर ती जून-जुलैत, पावसाच्या भरवशावर, उबदार आणि चिंब मातीत होते. इथल्या शेतकऱ्याची मुख्य तक्रार खपलीची नसते, फोडी जमिनीत सडण्याची असते. लागवडीनंतर चार दिवस धो धो पाऊस लागला की मातीतली हवा संपते आणि कापलेल्या पृष्ठभागावर जिवाणूजन्य मऊ कूज झपाट्याने पसरते. त्यात बुरशीनाशकाचा हात तोकडा पडतो. त्यापेक्षा कापलेल्या फोडी सावलीत, खेळत्या हवेत पण दमट जागी काही दिवस पसरून ठेवल्या, तर जखमेवर बुचासारखा थर धरतो आणि तो कोणत्याही पुडीपेक्षा चांगले रक्षण करतो. मात्र जूनमध्ये पाऊस कधीही येईल या धास्तीने सकाळी कापलेल्या फोडी दुपारी सरीत जातात. त्यात त्या ओल्या औषधात बुडवून न सुकवता लावल्या तर सडण्याला निमंत्रणच. शंखजिऱ्याच्या भुकटीत औषध मिसळून कोरडे चोळणे अशा वेळी बरे, कारण भुकटी निदान ओल तरी शोषते.

प्रश्न असा, की ओले की कोरडे, अख्खे की फोडी, ताज्या फोडी की सुकवलेल्या, औषधासह की औषधाविना, या साऱ्यांची तुलना पठारावरच्या खरिपात, दोन-तीन हंगाम सलग, कोऱ्या वाफ्यासह करून त्याचे आकडे शेतकऱ्याच्या भाषेत कोणी त्याच्या हाती दिले आहेत का? अखिल भारतीय समन्वित बटाटा संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र पुण्यात आहे, राहुरीचे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. पंजाबात सिद्ध झालेली मात्रा पठारावरही चालेल, हे गृहीत धरण्याइतकी ही दोन हवामाने सारखी नाहीत.

आणि एकदा सिद्ध झालेले औषध कायम सिद्धच राहते असेही नाही. थायाबेंडाझोल हे औषध १९६० च्या दशकात आले ते आधी पोटातल्या जंतांवर. पुढे ते बटाट्याच्या कोरड्या कुजीवर आणि सालीच्या रुपेरी डागांवर जगभर वापरले गेले. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले कार्बेन्डाझिम त्याच कुळातले. शाळेत जंतनाशक दिनी मुलांना मिळणारी अल्बेन्डाझोलची गोळीही त्याच घराण्यातली. ही सारी औषधे जीवाच्या पेशीतील एकाच प्रथिनाला चिकटून काम करतात. त्या प्रथिनात एक छोटा बदल झाला, की औषध निकामी. युरोपात आणि पुढे उत्तर अमेरिकेत नेमके तेच झाले. कोरडी कूज आणि रुपेरी डाग या दोन्ही बुरशींच्या थायाबेंडाझोलला न जुमानणाऱ्या जाती शीतगृहांमध्ये पसरल्या. करप्यावरच्या मेटॅलॅक्झिलची कथा त्याहून वेगवान आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले आणि १९८० च्या हंगामात आयर्लंड व नेदरलँड्समध्ये ते निष्प्रभ झालेले दिसले. पुढे युरोपात बोकाळलेली, मेटॅलॅक्झिलला दाद न देणारी करप्याची ‘१३-ए२’ ही जात दक्षिण भारतातील टोमॅटो-बटाट्याच्या रानांतही आढळली आहे. म्हणून औषधांची चाचणी एकदा करून फाइल बंद करण्याजोगी नसते. ठरावीक वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते आणि ‘आता चालत नाही’ असा निकाल आला तर तोही छापावा लागतो.

हे दुष्परिणाम रानापुरते राहतात असेही नाही. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांना लागवडीपूर्वी ‘ॲझोल’ गटातील बुरशीनाशकांत बुडवतात. तिथल्या कंदांच्या कचऱ्याच्या ढिगांमध्ये त्या औषधांना दाद न देणारी ॲस्परजिलस बुरशी सापडली. हीच बुरशी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णांच्या फुप्फुसात शिरते आणि तिच्यावर डॉक्टरांकडे असलेली मुख्य औषधेही ‘ॲझोल’च आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची जी यादी केली, तिच्या सर्वात वरच्या गटात ॲस्परजिलस आहे. बटाट्याच्या बेण्यासाठीही ‘ॲझोल’ औषधे काही देशांत वापरात आहेत. ट्यूलिपचा धडा समोर असताना गरज नसलेल्या बेण्यावर ती लावणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय राहत नाही.

बेणेप्रक्रियेचा सर्वात काळा अध्याय पाऱ्याचा आहे. पाऱ्याची संयुगे ही एकेकाळची सर्वात प्रभावी बीजप्रक्रिया होती. रोगावरच्या चाचण्यांत ती उत्तम उतरत. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये मिथिल पारा लावलेले गव्हाचे आणि बार्लीचे आयात बियाणे लोकांनी दळून खाल्ले. ते विष आहे हे कळावे म्हणून दाण्यांना लाल-गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत होत्या. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, आणि रंगासोबत विषही गेले असे त्यांना वाटले. अधिकृत नोंदीनुसार ६,५०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले, ४५९ तिथेच दगावले. भारतात पाऱ्याचे ‘एमईएमसी’ हे बुरशीनाशक इतर सर्व पिकांवर बंद झाल्यानंतरही दोन पिकांच्या बेण्यासाठी मुद्दाम चालू ठेवले गेले. ती पिके म्हणजे ऊस आणि बटाटा. त्यावर संपूर्ण बंदी आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. इराकनंतर तब्बल साडेचार दशकांनी.

बटाट्याच्या बाबतीत हा धोका धान्यापेक्षा अधिक घरगुती आहे. उरलेले बेणे आणि भाजीचा बटाटा दिसायला एकच. चार पायल्या जास्त झालेले औषध लावलेले बेणे चुलीपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत सहज पोचते. आजची औषधे पाऱ्याइतकी जहाल नाहीत, हे खरे. पण युरोपीय संघाने मॅन्कोझेबची परवानगी २०२० मध्ये नूतनीकरणाविना संपवली, ती प्रजनन आणि संप्रेरकांवरील परिणामांच्या चिंतेने. आपल्या केंद्र सरकारच्या २०२० च्या २७ रसायनांच्या बंदी-मसुद्यात मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम ही दोन्ही होती. पुढे त्या यादीतील बहुतेक रसायने बाजारात राहिली. आणि ही भुकटी उघड्या हातांनी फोडींना चोळण्याचे काम पठारावर बहुतांश बायकाच करतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी गेले, तेव्हा हातमोजे आणि मुखपट्टीची चर्चा राज्यभर झाली. बेणे चोळणाऱ्या बायांपर्यंत ती पोचलीच नाही, कारण त्यांच्या पाठीवर पंप नसतो.

तेव्हा खात्याने या हंगामात नव्या शिफारशी काढण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. मंचरच्या बाजारात बेण्याची प्रत्येक मोठी आवक उतरली की तिच्यातले शंभर बटाटे धुऊन, कापून पाहावेत आणि खपली किती, बांगडी आहे की नाही, याचा फलक तिथेच लावावा. याला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही; बादली, सुरी आणि डोळे असलेला माणूस लागतो, आणि शंका आली तर नमुना विद्यापीठाकडे धाडता येतो. शंभरात एकही बांगडी न दिसल्याने गोणी निर्धोक ठरत नाही, हेही फलकावर लिहावे. दुसरे, बेणेप्रक्रियेच्या औषधाला ठळक रंग असावा आणि उरलेल्या बेण्याचे काय करायचे, ते पुडीवर मराठीत, दिसेल अशा अक्षरात असावे.

तिसरी गोष्ट कोऱ्या ओळींची. औषध लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या रानापुरते उत्तर मिळवता येते. रानात तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी दोन-दोन ओळी औषधाविना लावायच्या आणि खुंट ठोकून ठेवायचे. एका कोपऱ्यात नव्हे, कारण कोपरा पाणथळ निघाला तर सगळा हिशेब चुकतो. एका शेतकऱ्याच्या एका हंगामातून फार काही ठरणार नाही. पठारावरच्या पन्नास रानांतल्या खुंटांमधले आकडे एकत्र आले, तर मात्र ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचे ठरतील. शेतकरी एवढ्या ओळी सोडायला कुरकुरेल, हे उघड आहे. कोऱ्या ओळीत घट आली तर ती भरून देण्याची तयारी खात्याने आधीच जाहीर करावी. आणि काढणीच्या दिवशी, मजूर लावून बटाटा गोण्यांत भरण्यापूर्वी, कृषी सहायकाने वजनकाटा घेऊन बांधावर हजर राहावे. तो दुसऱ्या दिवशी आला, तर त्या ओळींचा माल केव्हाच बाकीच्या गोण्यांत मिसळलेला असेल.